बांधाच्या आत, बांधाच्या बाहेर

१८७० साली मुंबई सरकारने साष्टी बेटाच्या वायव्य टोकावरची जमीन पट्ट्याने देऊन टाकली. घेणारे रामचंद्र लक्ष्मणजी, गावे भाईंदर, मीरा, घोडबंदर आणि आसपासचा मुलूख, मुदत ९९९ वर्षे. हिशेब केला तर हा पट्टा संपणार २८६९ साली. देणारे सरकार त्यानंतर ७७ वर्षांत गाशा गुंडाळून गेले, पट्टा मात्र राहिला. त्याचे हक्क पुढे इस्टेट इन्व्हेस्टमेंट कंपनीकडे आले आणि भातखाचरे जाऊन तिथे सोसायट्या उभ्या राहिल्या तरी त्यावरचे कज्जे काही मिटले नाहीत. इतक्या लांबच्या मुदतीच्या मोबदल्यात पट्टेदाराने करायचे काम साधेच होते. खाडीचे खारे पाणी शेतात शिरणार नाही असे बांध घालायचे, ते राखायचे आणि त्याबद्दल कुळांकडून पिकाचा वाटा घ्यायचा.

मीरा-भाईंदर हे आठ लाखांवर वस्तीचे शहर, त्याच्या जमिनीचा जुना कागद उघडला की असा बांधापाशी येऊन थांबतो. बांधाच्या आत भात आणि मीठ, बांधाच्या बाहेर तिवर. आतल्या जमिनीचा इतिहास सातबाऱ्यात, खटल्यांत, गॅझेटियरमध्ये सापडतो. बाहेरच्या झाडांना महसुली दप्तरात ‘खाजण’, म्हणजे भरतीखालची जमीन, या एका शब्दापलीकडे फारसे काही मिळाले नाही. दर दिवशी दोनदा मुळे बुडणाऱ्या, चिखलात श्वास घेणाऱ्या या झाडाची कथा त्यामुळे बांधाच्या कथेतूनच शोधावी लागते. झाडाच्या खोडातून ती वाचण्याची सोय नाही. तिवराच्या लाकडात वलये असतात, पण ती वर्षाला एक अशी पडत नाहीत, त्यामुळे ती मोजून वय निघत नाही.

जागेची ठेवण आधी पाहिली पाहिजे. उत्तरेला वसईची खाडी, म्हणजे उल्हास नदीचे समुद्राला मिळणारे मुख. नैर्ऋत्येला मनोरीची खाडी. मध्ये भाईंदर पश्चिमेच्या पलीकडे राई, मुर्धे, मोर्वा या गावांच्या बाजूने आत घुसलेली जाफरी खाडी. उत्तन, डोंगरी, पाली ही गावे खडकाळ उंचवट्यावर, आणि या सगळ्यांच्या मध्ये सपाट चिखल. उधाणाच्या भरतीला मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी पाच मीटरच्या आसपास चढते-उतरते. सपाट जमिनीवर एवढा चढउतार म्हणजे मैल-मैल जमीन दिवसातून दोनदा पाण्याखाली जाणार आणि दोनदा उघडी पडणार. भांगाच्या दिवसांत पाणी कमी पसरते, अमावास्या-पौर्णिमेला थेट बांधाच्या माथ्याशी येते. इथल्या कोळ्यांचे आणि आगऱ्यांचे कॅलेंडर या हिशेबावर चालत आले.

अशा जमिनीत झाड उगवणे हीच मुळात नवलाची गोष्ट. ख्रिस्तपूर्व ३२५ च्या सुमारास सिकंदराचे लोक सिंधूच्या मुखातून आणि इराणच्या आखातातून परतले, तेव्हा त्यांनी समुद्रात उभ्या असलेल्या झाडांच्या हकिगती ग्रीसला नेल्या. थिओफ्रॅस्टसने त्या आपल्या वनस्पतींवरच्या ग्रंथात नोंदवल्या. समुद्राच्या पाण्यावर जगणारे झाड सिकंदराच्या लोकांनी त्याआधी पाहिलेले नव्हते.

खाऱ्या पाण्यापेक्षाही मोठी अडचण चिखलाची आहे. खाडीचा गाळ इतका बारीक आणि घट्ट असतो की वरचे काही मिलिमीटर सोडले तर आत ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. काळाभोर गाळ खणला की कुजक्या अंड्याचा जो वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि तो मुळांना विषच असतो. आंबा-फणसाचे मूळ अशा गाळात काही दिवसांत कुजून जाईल. तिवराने यावर काढलेला तोडगा ओहोटीला राई-मुर्ध्याच्या बाजूला कुठेही दिसतो. झाडाच्या बुंध्यापासून चहूकडे, जमिनीला समांतर पसरलेल्या मुळांतून वर आलेले वीतभर उंचीचे, पेन्सिलीएवढे जाड कोंब. हीच श्वसनमुळे. माणसाच्या उंचीपेक्षा थोड्याच मोठ्या झाडाला अशी दहा हजारांवर मुळे असू शकतात. त्यांच्या सालीवर बारीक छिद्रे असतात आणि आत स्पंजासारखी पोकळ ऊती असते. ओहोटीला हवा छिद्रांतून आत शिरते आणि पोकळीतून खाली गाळातल्या मुळांपर्यंत जाते. भरती आली की छिद्रे पाण्याखाली जातात. पाणी आत शिरत नाही, पण हवाही बंद होते. त्या काही तासांत मुळे आतला ऑक्सिजन वापरतात, आतला दाब उतरतो, आणि पाणी ओसरताच बाहेरची हवा आपोआप आत ओढली जाते. भरती-ओहोटीच्या लयीवर झाडाचा श्वास चालतो तो असा.

१९५५ साली शोलँडर या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याचा पडताळा घेतला. कांदळ या तिवरासारख्याच दुसऱ्या खारफुटी झाडाच्या आधारमुळांवरची छिद्रे त्यांनी ग्रीस फासून बंद केली. दोन दिवसांत गाळातल्या मुळांमधला ऑक्सिजन घसरून नाममात्र उरला. जवळची, छिद्रे उघडी असलेली मुळे मात्र ठणठणीत. हा प्रयोग ध्यानात ठेवावा, कारण भाईंदरच्या खाडीत पुढे जे घडले ते याच प्रयोगाचे मोठे, विनापरवाना रूप म्हणता येईल.

मिठाचा बंदोबस्त वेगळा. तिवर बहुतेक मीठ मुळांशीच अडवतो, जे आत येते ते पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतो. भर दुपारी तिवराचे पान चिमटीत धरून उन्हात तिरपे केले तर त्यावर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात. जिभेला लावले तर खारट. कांदळाला या ग्रंथी नाहीत, तो जवळपास सगळेच मीठ मुळांशी गाळतो. बियांचीही तऱ्हा न्यारी. कांदळाचे बी झाडावरच रुजते, त्याची लांब शेंगेसारखी कोंबे फांद्यांना लोंबत राहतात आणि मग चिखलात पडतात. तिवराचे बी फळाच्या आतच अंकुरते. फळे पावसाळ्यात गळतात, खाडीचे पाणी तेव्हा सगळ्यांत कमी खारट असते. पाण्यावर तरंगत जायचे, साल टाकायची, चिखल लागला की दोन-चार दिवसांत मूळ धरायचे. पुढल्या उधाणाआधी पाय रोवला तर झाड, नाही तर माशांना खाऊ.

पुराच्या पाण्यात उभी राहणारी झाडे जगात आणखीही आहेत, आणि त्यांच्याशी ताडून पाहिल्यावर तिवराची मर्यादा कळते. ॲमेझॉनच्या खोऱ्यात मनाउसजवळ नदी दरवर्षी सुमारे दहा मीटर चढते. काठची जंगले वर्षातले सहा-सात महिने पाण्याखाली असतात, लहान झाडे तर शेंड्यासकट. तिथली पुष्कळ झाडे पुरात पाने टाकून किंवा वाढ थांबवून बसतात. काहींना पाण्याच्या पातळीवर बुंध्यातून नवी मुळे फुटतात. वाढ थांबली की लाकडात रेघ उमटते, म्हणून उष्ण कटिबंधातल्या झाडांना वार्षिक वलये नसतात हा जुना समज मार्टिन वोर्ब्स यांच्यासारख्या अभ्यासकांनी याच जंगलांत मोडीत काढला. फळे पुरातच पिकतात, तांबाकी नावाचा मोठा मासा ती खातो आणि बिया दूर नेतो. आपल्याकडे सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथे, देवराई म्हणून राखलेल्या दलदलीत जायफळाच्या कुळातली झाडे गोड्या पाण्यात गुडघ्यासारखी वाकलेली मुळे वर काढून उभी आहेत. ही सगळी झाडे साचलेले पाणी सोसतात, कोणी महिनोन्‌महिने, कोणी बारमाही. तिवराला ते जमत नाही. त्याला वाहते पाणी लागते, आलेले जाणारे आणि गेलेले येणारे. श्वसनमुळे बुडून राहिली तर काही आठवड्यांत पाने पिवळी पडू लागतात आणि पुढच्या काही महिन्यांत झाड उभ्याउभ्या वाळते. पाणी येणेच थांबले तर जमीन सुकून, मीठ वर येऊनही तो मरतो, फक्त जरा सावकाश.

भाईंदरच्या जुन्या बांधकऱ्यांना वनस्पतिशास्त्र माहीत नसले तरी हे माहीत होते. खाजण लागवडीला आणायचे तर तिवर तोडत बसण्याची गरज नाही. पाणी अडवा, तो आपसूक जातो.

बांध घालणे ही कसबाची गोष्ट होती. बाहेरच्या बाजूचा चिकट गाळ ढेकळांनी कापून घ्यायचा, थरावर थर लावायचा, मध्ये तिवराच्याच फांद्या घालायच्या, खाडीकडच्या अंगाला दगड रचायचे. बांध जितका महत्त्वाचा तितकीच उघाडी. बांधात ठेवलेले हे लाकडी झडपेचे दार. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने झडप उघडते आणि शेतातले पावसाचे पाणी खाडीत जाते, भरती आली की बाहेरच्या पाण्याने ती दाबून बंद होते. माणूस उभा राहावा लागत नाही. गोव्यात खाजनांच्या बांधांवर हीच रचना ‘मानस’ नावाने आहे आणि तिथल्या गावकऱ्या, म्हणजे गावसंस्था, ती शतकानुशतके सांभाळत आल्या. कोकणपट्टीत उघाडी हीच शेताची किल्ली. ती कोणाच्या ताब्यात यावर शेत पिकणार की मीठ, की दोन्ही नाही, हे ठरे.

नवा बांध घातला तरी भात लगेच येत नाही. दोन-तीन पावसाळे जमिनीतले मीठ धुऊन निघावे लागते. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये गोडी आणि खारी अशा दोन प्रकारांत भातजमिनी मांडलेल्या आहेत, खारीची रीत वेगळी. बी आधी भिजवून मोड आणायचे आणि थेट चिखलात फेकायचे, ही ‘रहू’ पेरणी. जात खारवट पाण्याला दाद न देणारी, काळा राता, भुरा राता अशी. तांदूळ लालसर, जाडा आणि पोटाला भक्कम. शहरी जिभेला तो आवडत नाही हे खरे, पण पेजेला त्याच्यासारखा दुसरा नाही असे जुनी माणसे सांगतात आणि त्यात तथ्य आहे.

बांधाचा शत्रू उधाण आणि त्याचा साथीदार खेकडा. चिंबोरीने बिळे केली की तिथून पाणी झिरपू लागते, झिरपता झिरपता खांड पडते. एका रात्रीत आत आलेले खारे पाणी पुढची दोन-तीन वर्षे पीक घेऊ देत नाही. म्हणून खांड पडली की घरटी माणूस बाहेर निघे. रायगडात अलिबाग-पेणच्या बाजूला हा शिरस्ता मोडला, खांडी तशाच राहिल्या, आणि गेल्या काही दशकांत शेकडो एकर खारजमिनीवर कांदळवन, म्हणजे तिवर-कांदळांचे रान, परत आले. शेतकऱ्याच्या नावावरचे शेत आणि वनखात्याच्या नजरेतले जंगल, दोन्ही एकाच गटात. त्याचे भांडण कोणत्याही कचेरीत नीट सुटलेले नाही.

राज्ये बदलली, बांध फारसे बदलले नाहीत. १५३४ मध्ये साष्टी पोर्तुगिजांकडे गेली, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३७ ते १७३९ दरम्यान मराठ्यांनी ती घेतली, १७७४ अखेर इंग्रज ठाण्यात शिरले. उत्तनच्या चौक गावाजवळचा धारावीचा किल्ला आणि घोडबंदरचा किल्ला या झगड्यांचे साक्षीदार. खाली चिखलात मात्र उघाडी तशीच, वाटा घेणारा तेवढा निराळा.

खरी उलथापालथ मिठाने केली. मिठागर म्हणजे भाताच्या बांधाचाच उलटा वापर. भातासाठी खारे पाणी बाहेर ठेवायचे, मिठासाठी ठरवून आत घ्यायचे. पावसाळा सरला की बांध डागडुजी करायचे, वाफ्यांची जमीन पायांनी तुडवून, चोपून गुळगुळीत करायची. उधाणाला उघाडी खोलून पाणी साठवणीच्या मोठ्या भागात घ्यायचे, तिथून तापवणीत, तिथून छोट्या उथळ वाफ्यांत. खाडीचे पाणी खारटपणा मोजायच्या बोमे मापावर तीनेक अंशाचे असते, उन्हा-वाऱ्याने ते पंचविसाच्या पुढे गेले की मीठ धरू लागते. मग लाकडी फळीने ते ओढून कडेला रास करायची. पौष-माघापासून वळवापर्यंतचे हे काम. अनवाणी पाय खाऱ्या पाण्यात, डोळ्यांवर पांढरी तिरीप, आणि मजुरी रास मोजून. आगरी घरांतल्या बायका डोक्यावरच्या टोपल्यांतून हे मीठ बांधावर नेत. मिठागरातल्या माणसाच्या टाचा लगेच ओळखू येतात, असे भाईंदरमध्ये म्हणत ते उगाच नाही.

नोव्हेंबर १८६४ मध्ये बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे गुजरातेतून मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोचली, तेव्हा ती वसईची खाडी ओलांडूनच आली. भाईंदर आणि नायगावच्या मध्ये, खाडीत वसलेल्या पाणजू बेटाच्या दोन्ही बाजूंना पूल पडले. त्याआधी मीठ गलबतांनी जाई, आता वाघिणी लागल्या आणि भाईंदरचे मीठ दूरच्या बाजारात पोचू लागले. १८७० चा तो पट्टा रेल्वे आल्यावर सहा वर्षांनी झाला, हा निव्वळ योगायोग मानायला मन धजत नाही. गाडी आली की पडीक चिखलाला भाव येतो, हे भाईंदरने पुढे आणखी एकदा पाहिले.

मिठावर सरकारची नजर होतीच. १८३७ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात मिठावर अबकारी बसली, १८८२ मध्ये देशभर मणाला दोन रुपये असा दर झाला, १८८८ मध्ये अडीच. कर वसूल करायचा तर प्रत्येक आगरावर पहारा हवा, आणि पहारा परवडायला आगरे मोठी हवीत. विखुरलेली छोटी आगरे सरकारला नकोशी झाली. १८९० च्या मुंबई मीठ कायद्याने परवान्याशिवाय मीठ पिकवणे, उचलणे, इतकेच काय खाजणात आपोआप धरलेले मीठ गोळा करणेही गुन्हा ठरवले. ज्या झाडाच्या पानावर फुकट मीठ चमकते त्याच्या सावलीत मूठभर मीठ उचलणाऱ्याला शिपाई पकडत असे. १९३० मध्ये शिरोड्याला आणि वडाळ्याला लोकांनी मिठागरांवर चालून जाण्यामागे ही रोजची चीड होती. कर उठला तो १९४७ च्या एप्रिलमध्ये.

या काळात बांधाबाहेरच्या तिवरांना कोणी कायद्याने राखले नव्हते, पण त्यांचा उपयोग सगळे ओळखून होते. चुलीला जळण, दुभत्या जनावरांना पाला, बांधाला फांद्या, सुती जाळी टिकावीत म्हणून कांदळाच्या सालीचा काढा. मुळांच्या जंजाळात कोलंबीची पिल्ले वाढत, चिंबोऱ्या मिळत, आणि ओहोटीला चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या. निवटीचे कालवण न खाल्लेल्या माणसाने आगरी जेवणावर मत देऊ नये. शिवाय तिवरांचा पट्टा पुढे असला की लाटेचा मार बांधापर्यंत येण्याआधीच मोडतो. म्हणून तोड होई, पण पट्टा उघडा पडू देत नसत. १९४८ च्या मुंबई खारभूमी कायद्याने बांधांची जबाबदारी सरकारी मंडळाकडे नेली, १९७९ च्या कायद्याने ती घडी पुन्हा बसवली. कागदावर बांध सरकारचा झाला आणि खांड पडल्यावर घरटी निघणारा माणूस हळूहळू घरीच थांबू लागला.

मग शहर आले. मुंबईत घर परवडेनासे झालेल्यांना पश्चिम रेल्वेवर दहिसरच्या पुढे जागा दिसली. १२ जून १९८५ रोजी ग्रामपंचायती एकत्र करून नगरपालिका झाली, २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत वस्ती पाच लाख वीस हजार, दहा वर्षांनी आठ लाखांवर. खारजमीन विकून मिळालेला पैसा चार पिढ्यांच्या भातातून मिळाला नसता, तेव्हा विकणाऱ्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. मिठागरेही एकेक करून थंडावली. मजूर मिळेना, खाडीत सांडपाणी वाढले, आणि गुजरातच्या स्वस्त मिठापुढे इथले टिकेना.

भराव पडू लागला तो आधी बांधाच्या आत. आतली जमीन संपल्यावर बाहेर. १९ फेब्रुवारी १९९१ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेने तिवरांना सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात टाकले होते. कुऱ्हाड चालवली तर फोटो निघतो, तक्रार होते, गुन्हा दाखल होतो. पण खाडीतून आत येणारा नाला डेब्रिजचे चार डंपर टाकून बुजवला तर कोण काय म्हणणार? भरती आत येत नाही किंवा आलेले पाणी परत जात नाही. पाने पिवळी, मग फांद्या उघड्या, मग करड्या खुंटांचे रान. दोन-तीन वर्षांनी जागेचा पंचनामा होतो तेव्हा तिथे वाळलेले सरपण असते. शोलँडरने मुळाला ग्रीस फासून दोन दिवसांत पाहिले ते इथे भरावाने दोन वर्षांत. मुंबई महानगराच्या सगळ्या खाड्यांवर ही युक्ती वापरली गेली, भाईंदर त्यात मागे नव्हते.

अमेरिकेत हेच वेगळ्या कारणाने घडले. फ्लोरिडाच्या इंडियन रिव्हर लगूनमध्ये १९५० आणि ६० च्या दशकांत डास मारण्यासाठी दलदलींना बांध घालून पाणी कोंडले. डास कमी झाले, पण तिवराचा तिथला भाऊबंद, काळा मॅनग्रोव्ह, एकरच्या एकर मेला, कारण श्वसनमुळे कायमची बुडाली. पुढे बांधांतून मोऱ्या काढून भरती-ओहोटी पुन्हा सुरू केली, तशी झाडे परतू लागली. बी खाडीत होतेच, वाट तेवढी मोकळी करावी लागली.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि खारजमिनीवर वसलेल्या सखल वस्त्यांना बांध, उघाडी, नाला या शब्दांची आठवण झाली. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपची याचिका त्याच्या आधीच, २००४ पासून, उच्च न्यायालयात होती. ६ ऑक्टोबर २००५ च्या आदेशाने राज्यभर तिवरांची तोड आणि त्यांच्याभोवती ५० मीटरच्या आतले बांधकाम थांबवले गेले. सरकारी जमिनीवरचे कांदळवन संरक्षित वन म्हणून जाहीर करायला सांगितले गेले. जानेवारी २०१२ मध्ये वनखात्यात कांदळवन कक्ष आला, १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने बंदी कायम करून उद्ध्वस्त केलेल्या जागा पूर्ववत करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. देशाच्या वनसर्वेक्षणात महाराष्ट्राचे कांदळवन १९८० च्या दशकात दीडशे चौरस किलोमीटरच्याही आत होते, ते अलीकडे तीनशेच्या पुढे दिसते. यातली काही वाढ उपग्रहाच्या बारीक नजरेची, काही खरी. खऱ्या वाढीत सोडून दिलेली शेते आणि फुटलेले बांध यांचा वाटा मोठा आहे. २०२० मध्ये राज्याने पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्ष केले. रात्री उमलणारे तिचे झुबकेदार फूल देखणे असते, मान मिळाला तो योग्यच. भाईंदरच्या सांडपाण्याने भरलेल्या खाडीत मात्र गर्दी तिवराचीच.

आता प्रश्न उरलेल्या मिठागरांचा आहे, आणि तो कायद्याच्या शब्दांत अडकला आहे. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांनी मिठागरे ‘पाणथळ’ या व्याख्येतून वगळली. म्हणजे बंद पडलेले आगर पाणथळ नाही. त्यात तिवर उगवले तर मात्र ते कांदळवन, सर्वांत कडक वर्गात. उघाडी मोडून भरती आत येऊ लागली की चार-पाच पावसाळ्यांत तिथे तिवर डोक्याएवढा होतो आणि जमिनीची किंमत शून्यावर येते. उघाडी बुजवून ठेवली की जमीन कोरडी, रिकामी आणि विकाऊ राहते. त्यामुळे बंद आगरावर आजही कुणी खर्च करत असेल तर तो बहुधा मिठासाठी नसतो.

वर्सोवा-भाईंदर किनारी रस्त्याची आखणी याच खाड्यांवरून आणि कांदळवनातून जाते. अशा प्रकल्पांच्या कागदपत्रांत किती झाडे जाणार आणि बदल्यात किती रोपे लावणार याचे आकडे ठळक असतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत वाढवलेली ती रोपे पुष्कळदा अशा चिखलावर लागतात जिथे तिवर आपणहून कधी आला नव्हता, कारण तिथले पाणी त्याला मानवणारे नव्हते. झाडांच्या आकड्याआधी विचारायला हवे ते रस्त्याच्या खांबांबद्दल आणि भरावाबद्दल: कुठे खांब, कुठे भराव, भरावाखाली मोऱ्या किती, त्या कोणत्या उंचीवर, आणि काम चालू असताना तात्पुरते घातलेले मातीचे रस्ते काम संपल्यावर कोण उचलणार. राई-मुर्ध्याच्या बांधावर आयुष्य काढलेला कोणताही म्हातारा नकाशा पाहून पहिल्यांदा एवढेच विचारेल की उघाडी कुठे ठेवली आहे.